साठी आणि पाटी

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण तरुणपणीं मीं इतरांविषयीं पुष्कळदां वापरली. गेल्या वर्षीं ती माझ्याच अंगावर आली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, देवापुढें रोजचें स्तोत्र म्हणतांना मधला एक श्लोक कांहीं केल्या आठवेना. आमच्या अक्काची विस्मृति अशीच सुरू झाली होती. शेवटीं ती मला ओळखीतही नव्हती. त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं.

डॉक्टरांनीं तपासून धीर दिला आणि कांहीं नवें शिकण्यास सुचविलें. शब्दकोडीं तर मी रोज सोडवीत होतें. पण अंगवळणी पडलेल्या कामानें मेंदूला फारसे श्रम होत नाहींत. नव्या श्रमानें मात्र तो प्रौढपणींही बदलतो. लंडनमध्यें टॅक्सीचा परवाना मिळविण्यासाठीं सुमारें २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. अशा उमेदवारांच्या मेंदूंची तपासणी एलिनॉर मॅग्वायर या विदुषीनें एका सहकारिणीसह केली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, कीं उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूंतील स्मरणाशीं निगडित असा एक भाग वाढलेला आढळला. अनुत्तीर्णांचा वाढला नव्हता. एवढ्यावरून विस्मृति टळतेच, असें मात्र कोणी समजूं नये.

मीं मोडी लिपि निवडली, कारण माळ्यावर आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या पडून होत्या. वर्गांतील शिक्षिका माझ्या नातीच्या वयाची! आधीं सलग रेघ ओढावयाची, मग हात न उचलतां अक्षरें काढीत जावयाचें. शब्दांत अंतर नाहीं, ह्रस्वदीर्घाचा भेद नाहीं. पहिला महिनाभर मी अगदीं रडकुंडीस आलें.

चार महिन्यांनीं १९३६ सालच्या वहींत एक ओळ लागली : ‘घरांत, पाटी व लेखण, पांच आणे.’ आजोबा आजीचा उल्लेख ‘घरांत’ असाच करीत. तेव्हां ती चाळिशी ओलांडलेली, सहा मुलांची आई होती. आजी पोथी वाची, हें लहानपणीं आम्हीं रोज पाहिलें. ती केव्हां शिकली, हें विचारावेंसें आम्हां कोणालाही वाटलें नव्हतें.

श्लोक अजूनही एखादे दिवशीं हुलकावणी देतो. पण मीही आतां एक पाटी आणली आहे, आणि दुपारीं तिच्यावर मोडी अक्षरें गिरवीत बसतें. वाचकभगिनींनो, आपल्याही माळ्यावर कांहीं ना कांहीं न वाचलेलें पडलें असेलच.