मिऱ्याचं जहाज आणि निवतीचं जहाज

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' आमच्या रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. खलाशी वाचले, गंजका सांगाडा मात्र वर्षानुवर्षं तिथंच! पाहुणे आले की आम्ही तो दाखवायला न्यायचो.

म्हणून 'गुलदार'ची बातमी वाचून नवल वाटलं. इथं नकोसं जहाज हलता हलेना, आणि तिकडे मुद्दाम बुडवायला जहाज आणलेलं! पोलंडमध्ये बांधलेली ही नौदलाची नौका १९८५ पासून २०२४ पर्यंत रणगाडे नि सैनिक किनाऱ्यावर उतरवायची. २०२५ साली ती पर्यटन महामंडळाकडे आली, निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवण्यासाठी. (१९८१ पर्यंत निवती आपल्याच जिल्ह्यात, बरं का!) बुडवण्याआधी तेल, वंगण सगळं काढायचं, दिवाळीच्या भांड्यांसारखं लख्ख करायचं. मग लोखंडावर शेवाळ, कालवं, प्रवाळ धरतात, मासे आसऱ्याला येतात, आणि त्यांच्यामागून हौशी पाणबुडे.

आमच्या मासेवालीला हे कौतुकानं सांगितलं. टोपली उतरवत ती म्हणाली, "मासे येतील गो बाय, पण आमची जाळी अडकली तर?"

बांगडे निवडायचे ठेवून मी ती बातमी पुन्हा वाचली. जाळ्यांचं त्यात अक्षर नव्हतं.