चार पिशव्या

कुंचीचं आज बंद सोडून सगळं झालं. भाचीला आठवा महिना लागलाय, म्हणजे हे काम थांबणार नाही. रुखवताची उशी थांबेल. गोधडीला तर घाईच नसते.

एका वेळी चार कामं, चार पिशव्यांत, म्हटल्यावर आत्या हसली. "एक धड नाही तुझं!" पण मला हेच बरं पडतं. दिवसाउजेडी उशीवरची पानं भरायची: 8 मीटरची लडी, सहा पदरांतले दोनच घ्यायचे आणि हातभर दोरा. लांब घेतला की गुंता होतो, हे मी दर वेळी नव्याने शिकते. लाइट गेली की गोधडी. धावदोऱ्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. जुन्या लुगड्यांचे थर, कडेकडेनं आत जाणाऱ्या ओळी. रोज दोन ओळी, त्याहून जास्त नाही. तिसरीला टाके मोठे व्हायला लागतात.

चौथी पिशवी टेबलक्लॉथची. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

परवा काटेवाडीला तुकोबांच्या पालखीला गेलो. परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या, मग मेंढ्यांचं रिंगण झालं. सगळे मेंढ्या बघत होते. मी धोतरांच्या किनारी बघत राहिले. घरी येऊन उशीचा हिरवा काठ उसवला आणि तांबडा घेतला. चार दिवसांचं काम गेलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही.