आधी कान, मग हेल्मेट

कोल्हापूर
२० नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, की पुण्याहून बाईकवर आलं की रात्री कानात शिट्टी वाजत राहते आणि सकाळी आपोआप थांबते. तू लगेच दुसऱ्या विषयाकडे वळलीस, पण माझ्या मनातून ते जाईना. फोनवर सांगितलं असतं तर 'हो गं मावशी' म्हणून तू मोकळी झाली असतीस, म्हणून पत्रच लिहिते आहे. डिसेंबरात तुम्ही मैत्रिणी कोकणातून गोव्याला जाणार आहात. त्याआधी हे नीट वाच.

तुला वाटतं, मोठा आवाज म्हणजे फाटक्या सायलेन्सरच्या बुलेटचा. तुझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच आहे, म्हणून तू निर्धास्त आहेस. पण हमरस्त्यावर तुझे कान बिघडवतो तो वारा. ताशी ६०-६५ च्या पुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज वरचढ होतो. हेल्मेटच्या कवचावर, काचेच्या कडेला आणि सगळ्यात जास्त हनुवटीखालच्या उघड्या जागेत तो भोवरे घेतो आणि तिथून थेट कानाशी घुमतो. ताशी ८० ला बहुतेक हेल्मेटांच्या आत ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, आणि १०० ला तो ९५ ते १०० पर्यंत जातो. हेल्मेट महाग घेतलं तर थोडा फरक पडतो, पण त्यातलं थर्माकोल डोक्यावरचा आघात झेलण्यासाठी असतं. वाऱ्याची ती खर्जातली घरघर त्याने फारशी अडत नाही.

आता हिशेब बघ. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. तू कायद्यातली ८० ची मर्यादा पाळून निघालीस आणि हेल्मेटात ९४ डेसिबल धरले, तर खंबाटकी घाटापर्यंतच तुझ्या कानांचा दिवसभराचा वाटा संपतो. पुढे सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर हा सगळा रस्ता उधारीवर. आणि ही उधारी फेडता येत नाही.

का फेडता येत नाही, तेही सांगते. आतल्या कानात कॉक्लिया नावाच्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या पेशी आवाजाची कंपनं मेंदूला कळेल अशा संदेशात बदलतात. आपल्या रानातला ऊस आठव. साध्या वाऱ्याने वाकला तर पुन्हा सरळ होतो, वादळात मुळासकट लोळला की होत नाही. रानात निदान तोडणीनंतर खोडवा तरी फुटतो. माणसाच्या कानात गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. सकाळी शिट्टी थांबते म्हणजे कान पहिल्यासारखा झाला, असंही धरून चालू नकोस. आवाजाच्या अशा माऱ्यानंतर चाचणी पूर्ववत येते, पण केसपेशींना जोडलेल्या मज्जातंतूंची टोकं कायमची तुटलेली असतात, हे प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतल्या कामगारांचे कान तपासत आले आहे. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख मला लांबून ओळखू येतो. खालच्या पट्टीत रेघ सरळ असते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो. त्या माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. स, श, फ, ख ही अक्षरं आधी निसटतात. बायकांचे आणि लहान मुलांचे बारीक आवाज आधी पुसट होतात. घरचे म्हणतात, हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग तो माणूस लग्नकार्यात कोपऱ्यात बसायला लागतो, नातवाशी बोलायचं टाळतो. यात कुठेही दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कुणी वेळेवर येतही नाही. त्या कामगारांना भट्टीजवळ कानात बोळे घालायचा नियम आहे. तुला रस्त्यावर असं सांगणारं कुणी नाही, म्हणून मी सांगते आहे.

उपाय दहा-वीस रुपयांत मिळतो. फोमचे इअरप्लग. हे काही आजकालचं फॅड नाही. जर्मनीत माक्स नेग्वेर यांनी १९०७ मध्ये मेण आणि कापसाचे बोळे तयार केले, आणि तू पाहशील ते दाबलं की हळूहळू फुगणारं फोम रॉस गार्डनर यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत शोधलं. तू रात्री जागून मोटोजीपी बघतेस, ते रेसरही हेल्मेटखाली इअरप्लग घालतात.

तुझी शंका मला माहीत आहे: मग ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार? येतो. इअरप्लग वारा आणि हॉर्न दोन्हींचा आवाज खाली आणतो, त्यामुळे हॉर्न वाऱ्यापेक्षा जितका मोठा होता तितकाच मोठा राहतो. उलट प्रचंड आवाजात कान स्वतःच गोंधळतो आणि आवाज वेगळे ओळखू शकत नाही. तो मारा उतरला की इंजिनाचा बदललेला सूर, मागून येणारी एसटी, हेल्मेटातल्या इंटरकॉमवरचं मैत्रिणीचं बोलणं, सगळं जास्त स्वच्छ कळतं. शिवाय तासन् तास घरघर ऐकून डोकं शिणतं, आणि शिणलेल्या डोक्याने गाडी चालवणं धोक्याचं. गावातल्या संथ रहदारीत मात्र वारा नसतो आणि बारीक आवाज कळायला हवेत, म्हणून तिथे फोम काढून ठेव. सारखं काढघाल करायचा कंटाळा असेल तर फिल्टरचे इअरप्लग घे, त्यातून बोलणं आणि हॉर्न बरे येतात. पुढे माझ्याकडे आलीस की तुझ्या कानाचा साचा घेऊन सिलिकॉनची जोडी करून घेऊ.

कापसाचा बोळा चालणार नाही, त्याने जेमतेम काही डेसिबल अडतात. इअरफोन तर मुळीच नको. वाऱ्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवावा लागतो, म्हणजे एका माऱ्यात दुसरा.

घालायची पद्धत नीट शीक, कारण पाकिटावर ३३ किंवा ३७ डेसिबल लिहिलेलं असलं तरी वरवर खोचलेला प्लग त्याच्या निम्माही उपयोगी पडत नाही. हात धुऊन घे. बोटांत वळून प्लग वातीसारखा बारीक कर. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेव. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघ. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग नीट बसला आहे. खूप फरक पडला तर काढून पुन्हा घाल. बाहेर डोकावणारा लांब प्लग हेल्मेट चढवताना हलतो, म्हणून आखूड घे. काढताना हळूच पिळत काढ, एकदम ओढू नकोस. मळला की टाकून दे. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही घालायचं नाही.

आणखी दोन गोष्टी. गोव्याला निघण्याआधी पुण्यात एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, करून घे आणि मला पाठव. तुझ्या कानांची आजची नोंद हातात असली की पुढच्या वर्षी काय बदललं ते कळेल. आणि मागे बसणारीलाही प्लग दे. वारा तिच्याही कानाशी तेवढाच असतो आणि ती तो मुकाट्याने सोसते.

सोबत प्लगची पाकिटं पाठवते आहे, सगळ्या जणींना पुरतील. निघताना क्रम असा ठेव: आधी कान, मग हेल्मेट, शेवटी हातमोजे, कारण मोजे घातलेल्या बोटांनी प्लग वळता येत नाही. खूप फीर, पण कान शाबूत ठेवून फीर.

तुझी,
मावशी