चितरीचं जेवण

आजारी कोंबडी पुष्कळदा रोगाआधी उपासानेच मरते. दाणा टिपणं थांबलं की चार-दोन दिवसांत तिच्या अंगातली ताकद संपते, आणि मग चांगलं औषधही वाया जातं. आमच्या केळापुरात अशी कोंबडी एक तर कापतात, नाहीतर खुराड्याच्या कोपऱ्यात सोडून देतात. माझ्या चितरी कोंबडीला तसं सोडायला मन घेईना. तिने उबवलेल्या पिल्लांच्या पैशांतून माझ्या लेकीच्या वह्या-पुस्तकं आली आहेत. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत जातो. कोंबडीचा पैसा तेवढा बाईच्या हातात राहतो.

ऐन थंडीत ती पंख फुगवून बसली. तुरा फिका पडला, छातीचं हाड नांगराच्या फाळासारखं हाताला लागू लागलं. सासूबाई म्हणाल्या, “कायले जीवाले घोर लावून घेतं बाई? आता ते काही उठत नाही.” तरी मी तिला टोपलीत घालून पांढरकवड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी आधी विचारलं, बाकीच्या कशा आहेत? कुणाची मान वाकडी होते का? मानमोडी, म्हणजे राणीखेत, असेल तर त्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, ही लसच काय ती. माझ्या कोंबड्यांना लस होती आणि बाकीच्या हिंडत-फिरत होत्या. विष्ठा तपासली, तर जंत निघाले. जंतांचं औषध दिलं. पण ते लागू पडेपर्यंत पोटात अन्न जायला हवं, म्हणून त्यांनी मला नळीने भरवायला शिकवलं. आधी स्वतः करून दाखवलं, मग माझ्या हातून करून घेतलं.

नळीच्याही आधी ऊब. निरोगी कोंबडीचं अंग 41 अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतं. ती गार पडली असताना भरवलं, तर अन्न गळ्याखालच्या पिशवीतच आंबतं. म्हणून खोक्यात गोणपाट घालून वर बल्ब लावला. रात्री लाइट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्या कुशीला ठेवायची. अंग तापल्यावर आधी नुसतं ओआरएसचं पाणी, अन्न नंतर.

लेक तिला टॉवेलात धरायची, पण सैल. कोंबडीला आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो. छातीचं हाड हललं तरच तिला श्वास घेता येतो. आवळून धरली तर ती हातातच गुदमरते. चोचीपासून पिशवीपर्यंत नळी मापून तिच्यावर पेनाने खूण केली होती. चोच उघडली की जिभेच्या मुळाशी मधोमध एक छिद्र उघड-मिट करताना दिसतं. ती श्वासाची वाट, तिथे नळी जाता कामा नये. मान सरळ वर ताणायची आणि नळी कोंबडीच्या डाव्या बाजूने तोंडात घालून तिच्या उजव्या अंगाने खाली सरकवायची. जोर लावायचा नाही. मग मान चाचपायची. कड्याकड्यांची श्वासनळी आणि शेजारी आपली नळी, अशा दोन वेगवेगळ्या लागल्या तरच सिरिंज दाबायची. एकच लागली तर नळी बाहेर. हे चाचपणं मी एकदाही टाळलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे असं मला वाटतं.

पिल्लांचं खाद्य मिक्सरमधून काढून, कोमट पाण्यात कालवून, गाळून घ्यायचं. सुरुवातीला 15 मिली, पचायला लागल्यावर हळूहळू वाढवलं. भरवण्याआधी पिशवीला हात लावून पाहायचं. आधीचं उतरलं नसेल तर नवं घालायचं नाही. घशात पातळ वर येताना दिसलं की तिथेच थांबून तिला मान खाली करू द्यायची. नळी काढतानाही ती चिमटीत धरायची, नाहीतर उरलेला थेंब श्वासाच्या वाटेत पडतो.

पुढे पुढे ती नळी पाहून मान झटकू लागली. सासूबाईंनीच एका सकाळी खोक्यात ज्वारी टाकली आणि मला हाक मारली, “पाय बाई, टिपून रायली!” त्यानंतरही काही दिवस मी संध्याकाळचं एक भरवणं चालू ठेवलं, कारण टिपलेले दाणे पुरेसे नव्हते. औषधाच्या काळातली अंडी डॉक्टरांनी सांगेपर्यंत खाल्ली नाहीत.

एक मात्र सांगते. एकाच वेळी चार-सहा कोंबड्या मरू लागल्या, तर नळीच्या नादी लागू नका आणि मेलेल्यांना उघड्या हातांनी शिवू नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या कोंबड्या अशाच पटापट मेल्या होत्या. आधी दवाखान्याला कळवा. पण एकटीच कोंबडी बसून राहिली असेल, तर 1962 या नंबरवर फोन करा किंवा तिला उचलून तालुक्याला न्या. आणि नळी घालायची ती माझं हे वाचून नाही, डॉक्टरांसमोर हाताने शिकूनच घाला.