आप्पांची मजुरी

गाडीचा डॅशबोर्ड इंजिनाबद्दल बरंच काही सांगतो. पाणी किती तापलंय, तेलाचा दाब आहे की गेला, प्रत्येकासाठी काटा नाहीतर दिवा असतो. इंजिनाच्या पुढे ताकद चाकांपर्यंत पोचवणारे जे भाग आहेत, त्यांच्याबद्दल मात्र तो मुका. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, मागचं डिफरन्शियल यांचं तेल किती तापलं हे बहुतेक गाड्यांत कळतच नाही. ऑफिसला जाऊन-येऊन असणाऱ्याला ते कळून करायचंय तरी काय? गरज पडते ती गाडी ट्रॅकवर नेणाऱ्याला. माझ्याकडे मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन टेन आहे, सेकंडहँड घेतलेली. ही गाडी भारतात २०१० साली आली: दोन लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद. आधीच्या इव्होंमध्ये एक्झॉस्ट इंजिनाच्या पुढच्या अंगाला असे, टेनमध्ये तो मागच्या अंगाला गेला. म्हणजे ट्रान्स्फर केसच्या जवळच. त्या केसमध्ये तेल मावतं लिटरभरापेक्षाही कमी.

तेल तापतं कशाने, याचा हिशोब सोपा आहे. हायपॉइड गिअरमध्ये दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. मागच्या चाकांकडे १०० किलोवॉट जात असतील आणि त्यातले तीन टक्के घर्षणात गेले, तर ३ किलोवॉट उष्णता झाली. बाथरूममधला इन्स्टंट गीझर एवढ्याच ताकदीचा असतो. तो थोडक्याशा तेलात सोडून द्या आणि वर शेजारी लालभडक एक्झॉस्ट ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा तेलवाल्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे ९० अंशांवर जे तेल निवांत असतं, ते १३० वर सोळापट वेगाने म्हातारं होतं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. बाकीचं आप्पांनी शिकवलं.

आप्पा कोल्हापुरात उद्यमनगरातले टर्नर. शाळा सातवीपर्यंत, हात मात्र असा की लेथवरचा जॉब चकवरून उतरवायच्या आधीच ते बोटाने चाचपून माप सांगत आणि मग मायक्रोमीटर माझ्या हातात देत, ‘बघ बाबा, तुझा कागद काय म्हणतोय.’ मला ते ‘इंजिनेर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला कधी नीट कळलं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो ट्रान्स्फर केस आणि मागचं डिफरन्शियल, म्हणजे डिफ, यांच्या तेलाचं तापमान दाखवणाऱ्या गेजचा सेट घेऊन. दोन जपानी गेज, दोन सेन्सर आणि ते बसवायला दुसऱ्या कोणाचे तयार अडॅप्टर-प्लग. काम एवढंच वाटत होतं की जुना ड्रेन प्लग काढायचा, अडॅप्टर लावायचा, त्यात सेन्सर फिरवायचा. आप्पांनी सेन्सर हाताने अडॅप्टरमध्ये फिरवला. दोन-तीन वेढे गोडीत गेला, मग अडला. त्यांनी पाना मागितला नाही. खिशातून थ्रेड गेजची पानं काढली.

‘आरं, आटं मोजल्यात का कुणी? ह्यो अठ्ठावीसचा, ह्यो सत्तावीसचा.’

दोन्ही नावाला १/८ इंची पाइपाचे आटे. सेन्सरवरचे जपानी, आणि जपानी पाइपाचे आटे ब्रिटिश मापाशी जुळणारे: इंचाला २८, कोन ५५ अंशांचा. अडॅप्टर अमेरिकन मापाचा: इंचाला २७, कोन ६० अंशांचा. फरक डोळ्यांना दिसत नाही. जोर लावला तर घट्ट बसल्यासारखंही वाटतं, आणि पुढे गरम तेल त्याच जागेतून वाट काढतं. विकणाऱ्याने दोन्ही एकाच पाकिटात पाठवले होते. आप्पा त्याच्यावर चिडले नाहीत, अडॅप्टर तेवढे भंगाराच्या डब्यात टाकले. ‘नवं करू.’

मग खरी चर्चा सुरू झाली ती सेन्सर कुठे बसवायचा याची. माझं मत वरच्या बाजूच्या, तेल भरायच्या प्लगच्या जागी. हात सहज जातो, दगड लागत नाही, चुंबक असलेला ड्रेन प्लग जागच्या जागी राहतो. आप्पांनी डिफखाली बसून टॉर्च मारला आणि विचारलं, वळणावर तेल एका बाजूला गेलं की सेन्सरचं टोक कुठे असेल? हवेत. हवेतला सेन्सर वाफेचं आणि उडत्या थेंबांचं तापमान सांगतो, काटा वळणागणिक नाचतो. टोक तेलात बुडालेलं पाहिजे, म्हणजे खालीच. चुंबक गेलं, तर त्याची भरपाई त्यांनी तिथेच ठरवली: तेल लवकर बदलायचं आणि प्रत्येक वेळी ते पांढऱ्या फडक्यातून गाळून कीस बघायचा. दगडासाठी खाली पत्र्याची ढाल. गावातले स्पीडब्रेकर त्यांनी हिशोबात धरलेच होते, किंबहुना दगडापेक्षा त्यांनाच ते जास्त भीत होते.

खाली बसवायचं तर टोक आत किती जावं? जास्त गेलं तर क्राऊन व्हील ते कापून टाकणार. कंपनीचं ड्रॉइंग आमच्याकडे नव्हतं. आप्पांनी शेजारच्या पोराला पाठवून मूठभर शाडू मागवला, गणपतीचा. सेन्सरच्या टोकावर त्याची टोपी चढवली, प्लग फिरवला, गाडी वर उचलून मागची चाकं हाताने फिरवली आणि प्लग परत काढला. मातीवर दाताची खूण नव्हती. तरी त्यांनी टोपी जाड करून पुन्हा बघितलं, खूण उमटेपर्यंत, आणि मग व्हर्नियरने राहिलेलं अंतर मोजलं. नुसतं ‘लागत नाही’ यावर त्यांचं समाधान नव्हतं, किती लांब आहे ते हवं होतं. डिफ नंतर पातळ तेलाने दोनदा धुतलं. आतमध्ये माती सोडून जाणारा माणूस ते नव्हते.

प्लग त्यांनी पोलादाच्या बारमधून काढले, षटकोनी डोकं बुटकं ठेवून. तांब्याचे वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले, मऊ व्हावेत म्हणून. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, पण हातात घेऊन वाकवून पाहिलं ते तेव्हाच.

गेजची परीक्षा आम्ही चहाच्या पातेल्यात घेतली. दोन्ही सेन्सर दोरीने लोंबकळत ठेवले, शेजारी प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर. पाण्याला उकळी फुटली आणि काटे ९८ वर थांबले. बघायला जमलेल्यांपैकी एकाने लगेच गेज खोटा ठरवला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं, थर्मामीटरही तेच दाखवत होता. मग पाणी फेकून पातेल्यात तेल घेतलं आणि १४० पर्यंत नेलं. त्या टोकाला डिफचा काटा थोडा पुढे धावत होता. आप्पांनी काचेवर नेलपेंटचा बारीक ठिपका दिला. पातेलं मात्र पुन्हा चहाच्या उपयोगाचं राहिलं नाही, आणि आप्पांच्या घरच्या काकूंनी ते माझ्या नावावर लिहून ठेवलं.

मी स्वतःहून कधीच शोधून काढली नसती अशी गोष्ट एकच, अर्थिंगची. एका वायरीचा सेन्सर आपला परतीचा मार्ग स्वतःच्या धातूमधून शोधतो: प्लग, डिफ, बॉडी. पण मागचं डिफ रबरी बुशांवर टांगलेलं असतं, बॉडीशी त्याचा धातूचा संपर्क धड नसतो. या सेन्सरचा विद्युतरोध तापल्यावर कमी होतो. अर्थिंग कच्चं असेल तर वाटेतला रोध त्यात मिळवला जातो, आणि गेजला वाटतं तेल थंड आहे. म्हणजे चूक होते तीही नेमकी दिलासा देणारी. पहिल्या फेरीत डिफचा काटा जागचा हलेना, तेव्हा शेजारच्या वायरमनला हाक मारून आप्पांनी डिफच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत जाड काळी वायर ओढायला लावली. विजेतलं आपल्याला काही कळत नाही, असं ते नेहमी सांगत. रबर कुठे आहे हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

गेज डॅशबोर्डवर बसवताना त्यांनी आणखी एक केलं. दोन्ही गेज जागच्या जागी इतके तिरके फिरवले की नेहमीच्या तापमानाला काटे उभे राहावेत. आकडा वाचायची गरज नाही, काटा कलला की कळतं. रेसवाले हे फार पूर्वीपासून करत आलेत. आप्पांना ते कोणी सांगितलं होतं की स्वतःच सुचलं, मी विचारलं नाही.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, बंगळूरकडून जाताना शहराच्या अलीकडेच. तिथे उन्हात ट्रान्स्फर केसचा काटा १३० च्या पुढे गेला, डिफ ११० च्या आसपास राहिलं. मी एक फेरी हळू मारून गाडी आत घेतली, आणि उभ्या गाडीत काटा आणखी वर चढला. वारा थांबला, एक्झॉस्ट तसाच तापलेला. तेव्हापासून शेवटच्या दोन फेऱ्या थंड मारतो आणि दर ट्रॅकवारीनंतर तेल बदलतो. गेज नसते तर ती हळू मारलेली फेरीही मी हौसेने पूर्ण वेगात मारली असती.

मजुरी आप्पांनी घेतली ती फक्त वायसरांची. बाकीच्या कामाचा विषय काढला की म्हणत, ‘गाडी फिरू दे, मग बघू.’ गाडी फिरली, फिरतेच आहे, आणि ते ‘मग’ काही आलं नाही. पुढे मोतीबिंदूने लेथ बंद झालं, ते आता कागलला मुलाकडे असतात. दिवाळीला गेलो की पहिला प्रश्न, ‘किती दाखवतंय?’ मी आकडे सांगतो, ते ऐकून नुसती मान हलवतात. नात डिप्लोमाला आहे, तिची ड्रॉइंग मी तपासून देतो. गेल्या खेपेला तिला पाइपाच्या आट्यांचा फरक समजावायला बसलो, तर तिने मला मधेच थांबवून २७, २८, ६०, ५५ घडाघडा म्हणून दाखवलं. एवढंही फेडता आलं नाही.

तुम्ही गेज घ्यायला निघाला असाल तर एवढं करा. ऑर्डर द्यायच्या आधी सेन्सरचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते विचारून घ्या, डिफला वेगळी अर्थिंगची वायर ओढा, आणि एकूण खर्चात टर्नरची मजुरी आधीच धरा. तो नको म्हणाला, तर त्याच दिवशी बळेच त्याच्या खिशात घाला.