भाकरी फुगल्याचा आनंद

भूक, झोप, संडास-लघवी हे नेहमीचे प्रश्न झाले की मी पेशंटला आणखी एक प्रश्न विचारते. ‘सध्या कशात मजा वाटते?’ पेशंट आधी माझ्याकडे बघतात, मग सोबत आलेल्या माणसाकडे. गुडघा दाखवायला आलो आणि या मॅडम काय विचारतायत, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण थोडं थांबलं की उत्तरं येतात. दिवसभर बीपी-शुगरचे आकडे ऐकून कंटाळलेल्या माझ्या कानांना ती फार आवडतात.

पुरुष बहुधा काहीतरी मोठं सांगतात. मॅच, ट्रेक, शेतातली विहीर. बायका, त्यातही आया, अगदी बारीक गोष्टी सांगतात. तव्यावरची भाकरी जाळावर टाकली आणि टम्म फुगली. मुलाचा डबा रिकामा परत आला. पावसानं दोन तास उघडीप दिली आणि तेवढ्यात जीन्ससुद्धा वाळल्या. घरातले उठायच्या आत पहिला चहा गरम असतानाच पिऊन झाला. एका बाईंनी तर सांगितलं, ‘रात्री दाराशी सगळ्यांच्या चपला मोजते. सगळे जोड दिसले की बरं वाटतं.’

माझंही काही वेगळं नाही. मुलगा शिकायला पुण्यात, मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. फोन करतो तो कामापुरता. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, ‘आई, खिचडीला पाणी किती?’ मी विचारलं, तांदूळ कशानं मोजलेस? म्हणाला, ‘मगनं.’ मग तो मग केवढा, डाळ किती, मीठ घातलं की नाही, कुकरची रिंग नीट बसली का, असं करत पहिली शिट्टी होईपर्यंत तो फोनवर होता. माझं ताट तोवर गार झालं होतं. आमचे हे म्हणाले, ‘एवढं काय बोलत होतात?’ काय सांगणार, खिचडीवर बोलत होतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, यात वैद्यकीय काय आहे?

पुष्कळ आहे. नैराश्याचा आजार, म्हणजे डिप्रेशन, ओळखण्यासाठी जगभरचे डॉक्टर दोन छोटे प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? पहिला प्रश्न लोकांना ठाऊक असतो. दुसरा तितकाच महत्त्वाचा आहे, पण घरात तो कोणी विचारत नाही. डिप्रेशन म्हणजे रडणं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अनेक बायका अजिबात रडत नाहीत. स्वयंपाक होतो, डबे भरले जातात, सणाला पुरणपोळ्याही होतात. फक्त त्यातून मिळणारं काहीतरी बंद पडलेलं असतं. काम चालू असल्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही.

या दोन प्रश्नांवरून निदान होत नाही, फक्त पुढे खोलात तपासायला हवं एवढं कळतं. आणि खोलात गेलं की दर वेळी डिप्रेशनच सापडतं असंही नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. पंचेचाळिशीच्या एक बाई, घरी शिवणकाम करणाऱ्या. ‘अंगात ताकद नाही, एखादं टॉनिक लिहून द्या,’ म्हणून आल्या. माझा नेहमीचा प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मुलगी वर्गात पहिली आली. पेढे आणले, गल्लीत वाटले. पण मला आतून काही झालंच नाही. आई असून मी दगड झाले का हो मॅडम?’

मी त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतला भाग पांढरट होता. नाडी १०४. जिना चढला की धाप लागते, म्हणाल्या. मशीनवर बसल्या बसल्या कच्चे तांदूळ खायची सवय वर्षभरापासून. पाळी आठ-नऊ दिवस चाले, गाठी पडत. ‘या वयात असं व्हायचंच’ असं शेजारणींनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. हिमोग्लोबिन निघालं ८.२. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं. थायरॉइडची तपासणी नॉर्मल आली. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली.

आनंद वाटणं हे मेंदूचं काम आहे, आणि मेंदूला त्यासाठी ऑक्सिजन लागतो, थायरॉइडचं हार्मोन लागतं, झोप लागते. रक्त कमी पडलं की आधी थकवा येतो, मग चिडचिड, मग कशातच मन लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त! आपल्याकडे बाईच्या थकव्याला कामाचा शीण म्हणतात आणि चिडचिडीला स्वभाव म्हणतात. मला याचा राग येतो, आणि तो कमी होईल असं वाटत नाही.

त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण रक्त जिथून जातंय ते थांबवल्याशिवाय नुसत्या गोळ्या म्हणजे गळक्या बादलीत पाणी. एक गोष्ट त्यांना दोनदा बजावली, तुम्हालाही सांगते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहातल्या घटकांमुळे लोह नीट शोषलं जात नाही. चहा आणि गोळी यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर चांगलंच. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच बंद करू नका. शरीरातला साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

ॲनिमिया सापडला म्हणून डिप्रेशन नाहीच असं मी धरलं नव्हतं. दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून त्यांना दर पंधरा दिवसांनी बोलावत राहिले आणि तोच प्रश्न विचारत राहिले. सुधारणा नसती तर मानसोपचाराचं बोलायचं ठरवलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्या सांगायला लागल्या, की मुलीनं मशीनवर स्वतःच्या कुर्त्याला खिसा लावला आणि तो इतका वाकडा लागला की दोघी हसून हसून दमल्या. मी केसपेपरवर हिमोग्लोबिन लिहिलं, ११.१. खाली ‘खिसा’ एवढंच लिहिलं. पुढच्या वेळी वाचणाऱ्याला ते कळणार नाही, पण मला कळेल.

हे झालं पेशंटचं. आमच्या घरी आई आहे, वय ७९. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. बाबा असल्यापासून रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचं हा आईचा नेम. बाबांना उभे शब्द विचारायचे, आडवे तिचे. ते गेल्यावर महिनाभर कोडं बंद होतं, मग तिनं एकटीनं सुरू केलं. ते बघून मला हायसं वाटलं. दुःखात असंच होतं. ते लाटेसारखं येतं आणि मधल्या वेळात माणूस जेवतो, गप्पा मारतो, जुन्या आठवणीनं हसतोही. डिप्रेशनमध्ये या मधल्या जागाच उरत नाहीत.

या उन्हाळ्यात मात्र तिचं कोडं पुन्हा बंद झालं. पेपर घडी न मोडता तसाच पडायचा. घरात सगळ्यांचं एकमत, बाबांची आठवण येत असणार. मी शेजारी बसून विचारलं, ‘आई, कोडं का नाही सोडवत गं?’ ती म्हणाली, ‘हल्ली चौकोन फार फिकट छापतात.’

पेपर तोच होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते.

वय झालेल्या माणसाच्या लहान आनंदांची वाट डोळे, कान आणि हात यांच्यातून जाते. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून उठून जातो आणि आपण म्हणतो, एकलकोंडा झाला. बोटं दुखतात म्हणून वाती वळणं सुटतं आणि आपण म्हणतो, देवावरचं मन उडालं. तेव्हा आई-वडिलांनी एखादी आवडती गोष्ट सोडली, तर कारण आपल्या मनानं ठरवू नका. ‘का सोडलंत?’ असं विचारा आणि उत्तराकडे लक्ष द्या. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात, रंग पिवळट वाटतात, अशी कुठलीही तक्रार असेल तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेकांना भूल न देता, फक्त डोळा बधिर करून होतं, आणि त्याच दिवशी घरी येता येतं. मोतीबिंदू ‘पूर्ण पिकेपर्यंत’ थांबायची गरज नसते.

आणि डोळे, कान, रक्त, थायरॉइड सगळं ठीक असूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच आनंद वाटत नसेल, तर त्याला आळस किंवा नशीब म्हणू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदा जरी आला, तरी थांबायचं नाही. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिनं आधी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?’ मग खोलीभर नजर फिरवून, ‘आणि पंखा कुणी पुसलाच नाही का गं?’ त्या दुपारी तिनं डाव्या डोळ्यावर हात धरून अर्धं कोडं सोडवलं. डोळ्याला ताण नको म्हणून मी पेपर काढून घेतला, तर रागावली. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी घरातले सगळे पंखे पुसून घ्यायचे आहेत.