अर्धी गोळी

मैत्रिणींनो, काटकसर कशी करावी हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण सासूबाईंची काटकसर उघडकीला आली, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट महिना उलटला तरी संपेना. विचारलं, तर म्हणाल्या, “अर्धीच घेते गं. केवढ्या महाग त्या!”

दुसऱ्याच दिवशी शाळेतून रजा घेतली आणि त्र्यंबक रोडच्या बसनं त्यांना सातपूरहून सरकारी रुग्णालयात नेलं. रक्तदाब १८० निघाला! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी नि औषधं मोफत झाली आहेत. केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. महापालिकेच्या दवाखान्यांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा विचारूनच जा.

खासगी डॉक्टरांकडे जात असाल, तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. केंद्राच्या जनऔषधी दुकानात तेच औषध निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्त मिळतं.

आणि हो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या अधूनमधून मोजत जा. त्या आपणहून काही सांगायच्या नाहीत!